स्लॅब गळतो, ठेकेदार पळतो आणि बाबा ऐकत नाहीत

त्रिमूर्तीनगरहून एका सूनबाईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

‘सासरे सार्वजनिक बांधकाम विभागातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले, त्याला नऊ वर्षं झाली. वय ६७. नोकरी बहुतेक गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा अशीच गेली. नागपुरातलं घर आणि मुलं सासूबाईंनी एकटीनं सांभाळली. १९९६ साली बांधलेलं बैठं स्लॅबचं घर आहे. गच्ची ११०० चौरस फूट, पावसाचं पाणी जायला दोन पाइप. तीन वर्षांपासून मागच्या बेडरूमच्या छताला ओल येते, मे महिन्यातही डाग पुरता वाळत नाही. यंदा दिवाळीत हातभर पोपडा खाली आला आणि आतलं लोखंड दिसू लागलं. सासरे म्हणतात, आहे त्या कोब्यावर नवा ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या मसाल्याचा थर) टाकू. नवरा म्हणतो, वॉटरप्रूफिंगचा रंग मारून मोकळं होऊ. दोन ठेकेदार लावले, दोघंही आठवड्याभरात सासऱ्यांशी भांडून गेले. आता बापलेक बोलत नाहीत, निरोप माझ्यामार्फत जातात. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना बाथरूम सुधारून हवं आहे, पण ‘स्लॅब झाल्यावर बघू’ म्हणून ते दोन वर्षं रखडलंय. सासरे भर दुपारी टेप घेऊन गच्चीवर चढतात. त्यांना बाजूला ठेवून काम उरकावं, की त्यांच्या मनासारखं करू द्यावं?

ता. क.: कम्पाउंडच्या भिंतीला तिरपी भेग आहे, उन्हाळ्यात ती रुंदावते. शिवाय समोरचा सिमेंट रोड घरापेक्षा उंच झाला म्हणून सासरे दर महिन्याला महापालिकेला तक्रार लिहितात. थांबवावं का?’

ताई, दोन्ही नको. बाबांना या कामात एक ठरलेली जागा द्या, ती कागदावर लिहा, आणि त्या जागेबाहेरचे निर्णय इतरांकडे ठेवा. ते कसं, हे पुढे सांगतो. त्याआधी एक गोष्ट आजच करा. पोपडा पडला त्याच्या खालून पलंग हलवा आणि ती खोली झोपायला वापरणं बंद करा. लोखंड उघडं पडलं म्हणजे आजूबाजूचं काँक्रीटही सुटलेलं असणार. पुढचा तुकडा कधी येईल ते सांगता येत नाही. त्या जागी फळी आणि दोन लोखंडी जॅक लावून आधार देता येतो, पण तो ठेकेदाराच्या माणसानं लावावा. घरच्यांनी स्टुलावर चढून हे करायचं नाही.

आता बापलेकाच्या वादाकडे. दोघांचं अर्धं बरोबर आहे, म्हणून तर वाद मिटत नाही.

चार इंच जाडीच्या ब्रिकबॅट कोब्याचं वजन चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भरतं. तुमच्या गच्चीवर ते जवळपास २० टन होईल. गच्चीच्या स्लॅबचा हिशेब करताना माणसांच्या वावरासाठी चौरस मीटरला १५० किलो धरतात. म्हणजे बाबांचा नवा कोबा एकटाच ती सगळी मोकळीक खाऊन वर ५० किलो जास्त होतो, आणि तेही लोखंड गंजलेल्या स्लॅबवर. शिवाय दोन कोब्यांच्या मधे अडकलेलं पाणी कुठेच जात नाही, ते खालीच झिरपतं. हा हिशेब बाबांना तोंडी सांगू नका. कागद-पेन द्या आणि त्यांनाच मांडायला सांगा. आकडा त्यांच्या हातून निघाला तर मान्य व्हायला पाच मिनिटं पुरतात.

तुमच्या यजमानांचा रंग म्हणजे अॅक्रिलिक कोटिंग. ते ज्याला चिकटतं तेच पोकळ असेल तर ते काय धरणार? जुन्या कोब्याखाली साठलेल्या ओलीची नागपूरच्या ४५ अंशांत वाफ होते, ती वर यायला वाट शोधते, कोटिंगला फोड येतात आणि पहिल्याच उन्हाळ्यात ते पापुद्र्यासारखं निघतं. उतार चुकलेला असेल तर पाणी तिथेच साचत राहतं. कोटिंग लागणार आहेच, पण ते सगळ्यात शेवटी.

लोखंड का गंजलं, हेही बाबांना माहीत असणार. आय.एस. ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय संहितेच्या १९७८ च्या आवृत्तीत स्लॅबच्या सळईखाली १५ मि.मी. कव्हर, म्हणजे काँक्रीटचं आवरण, चालत होतं. २००० च्या आवृत्तीत ते साधारणपणे २० झालं. तुमचं घर १९९६ चं. म्हणजे कागदावर १५, आणि प्रत्यक्षात कव्हर ब्लॉकऐवजी गिट्टीचे तुकडे सरकवले असतील तर १० सुद्धा नसेल. पाणी आणि हवा सळईपर्यंत पोचली की गंज धरतो, गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. त्यामुळे खालून प्लास्टर करून डाग झाकण्यात काही अर्थ नाही. वर्षभरात ते पुन्हा खाली येईल.

पाणी नेमकं कुठून येतं हे अजून कुणी शोधलेलंच नाही. मे महिन्यात पाऊस नसतो. तेव्हाही डाग ओला राहत असेल तर दुसरा एखादा स्रोत पाहायला हवा: गच्चीवरची पाण्याची टाकी, तिचा ओव्हरफ्लो, भिंतीतून उतरलेला पाइप, नाहीतर कूलर. नागपुरात कूलरच्या टपातून आणि पंपाच्या नळीतून चार महिने पाणी भिंतीवर उतरत राहतं आणि दोष स्लॅबला लागतो. म्हणून क्रम असा ठेवा. डागाची कड पेन्सिलीनं आखून तारीख टाका. आठ दिवस टाकीचा कॉक बंद ठेवून खालच्या ड्रमवर काम चालवा. डाग आक्रसला तर पाइप गळतोय. नाही आक्रसला तर गच्चीचे तीन-चार भाग पाडा, विटा आणि चिकणमातीचे तीन इंची बांध घाला, पाइपांची तोंडं बुजवा आणि एका वेळी एकाच भागात दोन इंच पाणी ४८ तास ठेवा. टाकीपासून दूरच्या भागापासून सुरुवात करा. शेजारी तेवढंच पाणी घातलेलं एक पसरट घमेलं ठेवा. घमेल्यातलं पाणी जेवढं उतरेल तेवढं उन्हानं गेलं, त्याहून जास्त उतरलं तर ते गच्चीनं प्यालं. मात्र पोपडा पडलेल्या जागेच्या वरचा भाग या चाचणीत भरू नका, तिथे स्लॅब आधीच कमजोर आहे.

पाणी काढल्यावर अर्ध्या किलोच्या हातोडीनं सगळा कोबा ठोकून पाहायचा. घट्ट असेल तिथे टणक आवाज येतो, सुटला असेल तिथे बसका. बसक्या आवाजाची जागा खडूनं घेरायची. असे घेर गच्चीच्या पाव हिस्स्यापेक्षा कमी असतील तर तेवढंच काढून दुरुस्त करता येतं. त्याहून जास्त असतील तर सगळा कोबा काढलेला बरा. ठिगळं लावत बसलात तर मजुरी तेवढीच जाते आणि सांधे वाढतात. हे ठोकून पाहण्याचं काम बाबांचं, सकाळी सात ते नऊ. खाली छतालाही तसंच ठोकून पाहायचं, पण तिथे चढायचं मजुरानं आणि ऐकायचं बाबांनी.

सळई कितपत खाल्ली गेली, जादा सळई जोडायची का, हे ठरवायला महापालिकेकडे नोंदणी असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. यावर बाबा रागावतील. त्यांना सरळ सांगा की विभागातही पुलाचं डिझाइन साइटवरचा अभियंता करत नव्हता, ते संकल्पचित्र विभागातून यायचं. इथेही तसंच. अभियंत्यानं सही करून दिलेला कागद पुढे घर विकताना किंवा वर मजला चढवताना उपयोगी पडतो, घरच्या माणसाचं मत पडत नाही.

काम सुरू झालं की सगळ्यात जास्त बिघडतं ते कोबा काढताना. ठेकेदार ब्रेकर मशीन आणतो, काम तीन दिवसांत उरकतो आणि त्या हादऱ्यानं गंजलेल्या सळईचं काँक्रीट आणखी सुटतं. छिन्नी-हातोडीनंच काढायला लावा. दुसरी चूक मलब्याची. दोन फूट उंच ढीग एका जागी रचला तर तिथे चौरस मीटरला ९०० किलोपर्यंत वजन येतं. रोजचा मलबा रोज खाली उतरला पाहिजे, हे करारात लिहा. सांदवाडीत, म्हणजे घराच्या बाजूच्या अरुंद मोकळ्या जागेत, तो टाकणार असाल तर भिंतीला टेकवून टाकू नका.

स्लॅब उघडी झाली की तारेच्या ब्रशनं घासून, पाण्यानं धुऊन घ्या. दिसतील त्या भेगा अर्धा इंच खोल इंग्रजी व्हीच्या आकारात कापून पॉलिमर मिसळलेल्या मसाल्यानं भरायच्या. पॅरापेट (गच्चीचा कठडा) आणि स्लॅबच्या सांध्यात तीन इंची गोल वाटा मारायचा; बरीचशी गळती या सांध्यातून सुरू होते, कारण दिवसा तापून आणि रात्री निवून स्लॅब सरकते, भिंत तितकी सरकत नाही. मग सिमेंटी वॉटरप्रूफिंगचे दोन हात, एक उभा आणि एक आडवा, भिंतीवर फूटभर वर चढवून. पृष्ठभाग ओला हवा, पण पाणी साचलेलं नको. हे वाळल्यावर पुन्हा ७२ तास पाणी भरून बघा. इथे गळती दिसली तर दुरुस्ती स्वस्तात होते, वरचा थर टाकल्यावर दिसली तर सगळं पुन्हा. ठेकेदार हा टप्पा हमखास गाळतो.

त्यावर उताराचा थर, सरासरी दोन इंच. तो जुन्या कोब्याच्या निम्म्या वजनात बसतो. उतार १०० ला १, म्हणजे दहा फुटांत सव्वा इंच. बाबा १२० ला १ म्हणाले तर ऐकू नका, ८० ला १ म्हणाले तर ऐका. चार इंची एक पाइप साधारण ४०० चौरस फुटांचं पाणी नेतो. तुमचे दोन आहेत, तिसरा काढा. तो काढताना सळई कापली जाणार नाही अशी जागा अभियंत्याकडून ठरवून घ्या. सगळ्यात वर पांढरं उष्णता परतवणारं कोटिंग, दोन किंवा तीन हात, सकाळी दहाच्या आत. तापलेल्या गच्चीवर मारलं की वरची साय आधी वाळते, आतलं ओलं राहतं आणि टाचणीएवढी भोकं पडतात.

खालच्या बाजूनं सळईभोवतीचं सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागे बोट जाईल इतकं काढायचं. अर्धवट काढून नुसता पुढचा भाग रंगवला तर मागचा गंज चालूच राहतो. सळई चकचकीत होईपर्यंत घासून गंजरोधक प्रायमर, मग जोडणीचा हात, मग पॉलिमर मसाला, एका थरात १० ते १२ मि.मी. एकदम इंचभर थापला तर स्वतःच्याच वजनानं सुटतो.

मालाबद्दल दोनच गोष्टी. सिमेंटच्या गोणीवरचा आठवडा आणि वर्ष वाचा, तीन महिन्यांहून जुनं नको. रेती कन्हानची म्हणून जास्त पैसे देत असाल तर काचेच्या बाटलीत अर्धी रेती आणि चिमूटभर मीठ घातलेलं पाणी हलवून तीन तास ठेवा. वर बसलेला गाळ रेतीच्या उंचीच्या ८ टक्क्यांहून जास्त असेल तर गाडी परत. आणि एका गोणीला पाणी २२ ते २५ लिटर, त्यात ओल्या रेतीतलं पाणीही धरायचं. मिस्त्री मसाला सैल करायला पाइप धरतो तिथे ताकद जाते.

तराईवर, म्हणजे नवं सिमेंटकाम ओलं ठेवण्यावर, नागपुरात सगळ्यात जास्त काटछाट होते. उष्ण आणि कोरड्या हवेत साध्या सिमेंटला किमान १० दिवस आणि फ्लाय अॅश मिसळलेल्या पीपीसी सिमेंटला १४ दिवस तराई हवी, असं संहिताच सांगते. आपल्याकडे दुकानात मिळतं ते बहुतेक पीपीसीच. म्हणजे १४. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवणं म्हणजे तराई नव्हे. एप्रिलमध्ये ते पाणी तासाभरात उडून जातं. छोटे बांध घालून पाणी भरा किंवा ओली पोती अंथरा आणि ती वाळू देऊ नका. हे काम बाबांकडे द्या, त्यांच्याइतकं नेटानं दुसरं कुणी करणार नाही. कॅलेंडर असं बसतं: फेब्रुवारीत तपासणी, मार्चच्या सुरुवातीला कोबा काढणं, १५ एप्रिलपर्यंत उताराचा थर, मेच्या पहिल्या आठवड्यात कोटिंग. पाऊस जूनच्या मध्यावर येतो, हाताशी महिना राहतो. मार्चअखेर काम सुरूच झालं नसेल तर यंदा फक्त आधार, तात्पुरती ताडपत्री आणि छताची धोक्याची जागा एवढंच करा, बाकी पुढच्या हंगामात.

आता माणसांचं. ठेकेदार का पळाले याचं कारण तुमच्या पत्रातच आहे. बाबा थेट मिस्त्रीला आणि रेजांना (मजूर बायांना) सांगतात, यजमान ठेकेदाराला फोनवर वेगळं सांगतात. ज्या मिस्त्रीला दोन मालक, तो तिसरं घर बघतो. बाबांनी तीस-पस्तीस वर्षं जिथे काम केलं तिथे त्यांच्या शब्दामागे कागद होता. शाखा अभियंता मोजमाप पुस्तिकेत मापं नोंदवायचा, उपअभियंता तपासायचा, बिल कार्यकारी अभियंता मंजूर करायचा. सूचना असेल तर साइट ऑर्डर बुकात, ठेकेदाराच्या सहीसह. मजुराला परस्पर हुकूम द्यायची पद्धत तिथेही नव्हती. घरी यातलं काहीच नाही म्हणून त्यांचा आवाज चढतो.

तर तीच व्यवस्था घरी आणा. दोन जाड वह्या घ्या. पहिली मोजमापाची, ती बाबांकडे: तारीख, कामाची बाब, लांबी, रुंदी, क्षेत्रफळ, टाकीच्या चौथऱ्याची वजावट, ठेकेदाराची सही. दुसरी सूचनांची. बाबांना जे चुकीचं वाटेल ते त्यांनी तिच्यात लिहायचं, ठेकेदारानं संध्याकाळी वाचून सही करायची, दुरुस्त झालं की बाबांनी शेजारी तारीख टाकायची. तोंडी सूचना फक्त एका वेळी चालेल, जेव्हा कुणाच्या जिवाला धोका असेल. काम थांबवायचा अधिकार बाबांना दोनच ठिकाणी द्या: पाणी भरून पाहिल्याशिवाय वरचा थर टाकायला घेतला तर, आणि गंजलेली सळई तशीच झाकायला घेतली तर. पैसे यजमानांकडे. बाबांनी तपासलेलं माप आल्याशिवाय यजमान पैसे देणार नाहीत, आणि यजमानांनी मंजूर केल्याशिवाय बाबा जादा काम सांगणार नाहीत. अशानं बापलेकाला एकमेकांच्या सहीची गरज पडते. बोलणं त्यातून सुरू होईल की नाही ते सांगता येत नाही, पण काम थांबणार नाही.

करार एका पानाचा पुरे. प्रत्येक बाबीचा दर चौरस फुटावर, आगाऊ रक्कम १० टक्के, पुढचे पैसे मोजमापावर, आणि १० टक्के रक्कम दिवाळीपर्यंत मागे. एक पावसाळा निघाल्याशिवाय ती द्यायची नाही. याला विभागात सुरक्षा ठेव म्हणत. बाबा हे कलम तुमच्यापेक्षा चांगलं लिहितील, त्यांनाच लिहू द्या.

आणि निरोप्याचं काम तुम्ही आजपासून सोडा. ‘बाबांनी असं सांगितलं’ हे तुमच्या तोंडून गेलं की त्याचा राग तुमच्यावर निघतो. सूचनांची वही टेबलावर ठेवा, ज्याला जे सांगायचं ते त्यानं तिथे लिहावं.

सासूबाईंच्या बाथरूमला स्लॅबची वाट पाहायचं काहीच कारण नाही. पाच-सहा दिवसांचं काम आहे, ते आधी करा, फेब्रुवारीतच. कमोडची सीट जमिनीपासून ४५० ते ४८० मि.मी. उंच हवी, नेहमीची ४०० च्या आसपास असते आणि गुडघ्याला तेवढाच फरक बोचतो. आधाराचा दांडा ३२ ते ३८ मि.मी. जाडीचा, भिंतीपासून ४० मि.मी. सुटा, सीटच्या वर आठ-नऊ इंच आडवा आणि त्याच्या पुढच्या टोकाला एक उभा. भिंत अर्ध्या विटेची असेल तर टाइलमध्ये प्लास्टिकचा गुल्ला ठोकून भागत नाही, दांडा नेमका तोल जाताना उपटून हातात येतो. १० मि.मी. चे बोल्ट भिंतीच्या आरपार घेऊन पलीकडे पट्टी लावा. बसवल्यावर बाबांनी दोन्ही हातांनी पूर्ण वजन टाकून ओढून पाहावं. दार बाहेर उघडणारं करा; आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्यांच्याच अंगावर अडतं. कडी बाहेरूनही उघडता येईल अशी. टाइल खरखरीत आणि छोट्या मापाच्या, जितके सांधे जास्त तितका पाय धरतो.

इथे एक नियम मात्र पक्का ठेवा: बाथरूम आणि स्वयंपाकघरात अंतिम शब्द सासूबाईंचा, बाबांचा नाही. दांडा किती उंच, डावीकडे की उजवीकडे, हे त्या प्रत्यक्ष बसून-उठून दाखवतील तिथे खूण करायची. बदलीच्या गावी बाबा असताना वर्षानुवर्षं हे घर त्यांनी चालवलं. डबे कुठे, गॅस कधी संपतो, दूधवाल्याचा हिशेब, सगळं त्यांच्या डोक्यात. निवृत्तीनंतर नवऱ्यानं त्या मांडणीला टेप लावला की बाईला आपलंच घर परकं वाटतं, आणि बहुतेक वेळा ती हे बोलून दाखवत नाही. तुम्ही एकदा त्यांना एकटीला विचारा.

दुपारच्या गच्चीबद्दल वाद घालू नका, कामाची वेळच बदला. ठेकेदाराशी सकाळी सात ते अकरा आणि साडेचारनंतर असं ठरवा. मधल्या वेळात गच्चीवर काम नसेल तर बाबांनाही जायला निमित्त राहणार नाही. ते रक्तदाबाची गोळी घेत असतील तर उन्हाळा लागण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्या. काही गोळ्यांनी लघवी वाढते आणि उन्हात चक्कर लवकर येते. शिडी लागलीच तर चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर, आणि खाली धरायला माणूस.

तुम्ही विचारलेलं नाही, पण याच महिन्यात एक फाइल करून घ्या. बाबांच्या पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) सासूबाईंचं नाव आणि जन्मतारीख आधारकार्डाशी अक्षरशः जुळते का ते पाहा. कुठे आडनाव आधी, कुठे माहेरचं नाव, असं असेल तर दुरुस्तीचा प्रस्ताव बाबांच्या शेवटच्या कार्यालयामार्फत नागपूरच्या महालेखापाल कार्यालयाकडे जातो आणि वेळ खातो. बाबा हयात असताना हे सोपं आहे. कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के असतं, आजच्या पेन्शनपेक्षा बरंच कमी. सासूबाईंच्या औषधपाण्याचा हिशेब त्या आकड्यावर करा. निवृत्तीच्या वेळी पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतले असतील तर १५ वर्षांनी तो पूर्ववत होतो, म्हणजे बाबांना ७३ व्या वर्षी. ती तारीख लिहून ठेवा. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला त्यांना तुम्ही सांगायची गरज नसावी. याच फाइलमध्ये प्लॉटचे कागद: नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यासचा) लीजचा असेल तर नूतनीकरणाची तारीख, खासगी लेआउटमधला असेल तर आर.एल., म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार हवेत, आणि ज्यांना काही मिळणार आहे ते साक्षीदार नकोत.

रस्त्याच्या तक्रारी थांबवू नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरलं, त्यानंतर ‘रस्ता घरापेक्षा उंच’ ही तक्रार कुणी हसण्यावारी नेत नाही. फक्त तिचा नमुना बदला. दर महिन्याला नवं पत्र लिहिण्यापेक्षा पाण्याच्या पारदर्शक नळीनं रस्त्याची कड, फाटक आणि जोतं यांच्या पातळ्या काढा, पावसाळी नालीचं झाकण किती वर-खाली आहे ते मोजा, गल्लीतल्या पंधरा-वीस घरांचा एक तक्ता करा आणि सगळ्यांच्या सह्यांनी एकच अर्ज झोन कार्यालयात देऊन पोच घ्या. बाबांना हे काम येतं, आणि गल्लीतल्या दुसऱ्या कुणाला येत असेल असं वाटत नाही.

राहिली भिंतीची भेग. उन्हाळ्यात रुंदावते, म्हणजे दोष बहुधा काळ्या मातीचा. ती पाणी पिऊन फुगते आणि मेमध्ये आक्रसते. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोका आणि दर महिन्याच्या १ तारखेला मधलं अंतर मि.मी.मध्ये मोजून मोजमापाच्या वहीत मागच्या पानावर लिहा. मेमध्ये सिमेंटनं भरू नका, ऑगस्टमध्ये माती फुगली की ते चुरडून बाहेर येतं. सांदवाडीतलं कूलरचं आणि भांड्यांचं पाणी भिंतीच्या बुडाशी मुरतंय का ते बघा, मुरत असेल तर पाइपनं दूर न्या. घराभोवती तीन फूट रुंदीचा, बाहेर उतार असलेला काँक्रीटचा पट्टा करून घ्या. वर्षभराच्या नोंदीत भेग मिटून पुन्हा उघडत असेल तर काळजी नाही. पावसाळ्यातही ती मिटली नाही, नुसतीच वाढत राहिली, तर पायाच खचतोय, आणि तेव्हा स्लॅबसाठी आणलेल्या अभियंत्यालाच पुन्हा बोलवा.